नाण्यावरचे सिंह आणि कार्ल्याचा स्तंभ



परमपूज्य बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली सरकारने त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे काढले. आपल्या पुष्कळ घरांत ते डबीत जपून ठेवलेले आहे. पण जपणे वेगळे आणि वाचणे वेगळे. नाणे वाचता आले पाहिजे.

आधी साल बघा. सालाखाली बारीक खूण असते. चौकट असेल तर नाणे मुंबईच्या टाकसाळीतले, चांदणी असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, आणि काहीच नसेल तर कलकत्त्याचे. कोणते नाणे कुठे पाडले, ते या खुणेवरून कळते.

आता मागची बाजू. तीन सिंह दिसतात, चौथा पाठीमागे असल्याने दिसत नाही. सिंहांच्या पायाखालच्या पट्टीत मधोमध चक्र आहे. उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. नाणे झिजलेले नसेल तर भिंगातून दोन्ही प्राणी ओळखू येतात. हा सारनाथचा अशोकस्तंभ. तथागतांनी पहिला उपदेश केला ती जागा. २६ जानेवारी १९५० पासून हे भारताचे राजचिन्ह आहे. म्हणजे धम्मचक्र रोज आपल्या खिशात असते, पण आपण भाजीवाल्याला देताना बघत नाही!

असेच चार सिंह पाहायला सारनाथला जायला नको. आपल्या तुंगार्लीहून जवळच, कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर डाव्या हाताला सिंहस्तंभ उभा आहे. त्याच्या माथ्यावरही चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक याचे हे दान, असा ब्राह्मी लेख त्यावर कोरलेला आहे. डोंगरावर जाणारे हजारो, पण मान वर करून बघणारे किती?

बाबासाहेबांनी रुपया नुसता पाहिला नाही, तर अभ्यासला. १९२३ साली 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये निघाला. रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. भाव चढतात तसा पगार चढत नाही, हे आम्हा कामगारांना कुणी शिकवायला नको.

६ डिसेंबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त दहा आणि सव्वाशे रुपयांची नाणीही निघाली. जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे सांगणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नका. शताब्दीचा रुपया चलनात भरपूर आला होता. त्याची खरी किंमत, तो मुलांच्या हातात भिंगासह देऊन प्रश्न विचारायला शिकवण्यात आहे. हार घालून डबीत ठेवलेला इतिहास मुका होतो.

नमो बुद्धाय! जय भीम!