डिलाईल रोडच्या खोलीची जुनी केस: कोर्टातले कागद कुठे शोधायचे, नक्कल कशी मागायची?

चाळीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न कागदांचा येतो. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? आजोबा गेल्यावर खोली कोणाकडे आली? मालकाने खोली खाली करून घेण्यासाठी केस केली होती, तिचं पुढे काय झालं? डिलाईल रोड, लोअर परळ, लालबागच्या अनेक घरांमध्ये याचं उत्तर ठरलेलं असतं. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला होता, पण तो कागद आता सापडत नाही.

घरातला कागद हरवला म्हणून कोर्टातला हरवतोच असं नाही. दिवाणी दाव्याचा निकाल, हुकूमनामा आणि रोजनामा कोर्टाच्या दप्तरात असतो आणि त्याची प्रमाणित नक्कल मागता येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: केस कोणत्या कोर्टात होती आणि तिचा नंबर काय होता.

कोर्टाचे कागद सगळ्यांसाठी खुले असतात का?

सुनावणी खुली असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३-ब नुसार दिवाणी दावा चालतो ती जागा खुलं न्यायालय मानली जाते. या तत्त्वावरचा एक महत्त्वाचा निकाल मुंबईतल्याच प्रकरणातून आला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्धच्या अब्रूनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा आदेश मुंबई हायकोर्टाने दिला होता. त्याविरुद्ध पत्रकार नरेश श्रीधर मिरजकर सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ साली ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खुल्या सुनावणीचं महत्त्व मान्य केलं, पण न्यायासाठी गरज असेल तेव्हा प्रसिद्धीवर मर्यादा घालण्याचा कोर्टाचा अधिकारही कायम ठेवला.

कागदांचंही थोडंफार तसंच आहे. निकाल खुल्या कोर्टात जाहीर होतो, पण संपूर्ण फाईल कोणीही येऊन चाळावी अशी व्यवस्था नाही. दाव्यातल्या पक्षकाराला नक्कल सहज मिळते, बाहेरच्या व्यक्तीला कारण सांगावं लागतं. घटस्फोटासारख्या कौटुंबिक प्रकरणांचे कागद तर आणखी जपले जातात.

आधी कोर्ट ठरवा

मुंबईत सगळे दिवाणी वाद एकाच कोर्टात जात नाहीत. वाद कशाचा होता, त्यावर कोर्ट ठरतं.

- मालक-भाडेकरू वाद: धोबीतलावचं लघुवाद न्यायालय, म्हणजे स्मॉल कॉजेस कोर्ट. खोली खाली करणं, प्रमाणित भाडं, भाडेकरू म्हणून हक्क जाहीर करून मागणं हे दावे इथे चालतात. उपनगरांसाठी वांद्र्याला शाखा आहे. डिलाईल रोड शहर भागात येत असल्याने धोबीतलावपासून सुरुवात करावी.
- मालकी, वाटणी, करार, मनाई हुकूम: फोर्टमधलं नगर दिवाणी व सत्र न्यायालय, म्हणजे सिटी सिव्हिल कोर्ट. दिंडोशी आणि माझगावलाही ते बसतं.
- मोठ्या रकमेचे दावे आणि मृत्युपत्राचं प्रोबेट: मुंबई हायकोर्टाची मूळ शाखा.
- सोसायटी आणि सभासद यांच्यातला वाद: सहकार न्यायालय.
- गिरणीतली नोकरी, बडतर्फी, देणी: कामगार किंवा औद्योगिक न्यायालय.

जुन्या केसमध्ये एक पेच असतो. सिटी सिव्हिल कोर्टाची मर्यादा २०१२ पर्यंत फक्त ५० हजार रुपये होती. त्या वर्षी ती १ कोटी झाली आणि १६ जानेवारी २०२४ पासून १० कोटी. २०१२ च्या बदलानंतर हायकोर्टातले बरेच दावे सिटी सिव्हिल कोर्टाकडे वर्ग झाले. त्यामुळे १९९० च्या दशकात हायकोर्टात दाखल झालेल्या दाव्याचा शेवट दुसऱ्या कोर्टात, दुसऱ्या नंबरने झालेला असू शकतो.

बीडीडी चाळींची गोष्ट वेगळी आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या. सरकारच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. त्यामुळे तिथल्या खोलीच्या हस्तांतराचे कागद लघुवाद न्यायालयात नव्हे, तर संबंधित सरकारी कार्यालयात शोधावे लागतात. भावाभावांत खोलीवरून दावा झाला असेल, तरच कोर्टाचा रस्ता धरायचा.

केसचा नंबर ऑनलाईन कसा शोधायचा?

ई-कोर्ट्स सेवेचं संकेतस्थळ आणि मोबाईल ॲप, दोन्हींवर शोध मोफत आहे.

१. 'केस स्टेटस'मध्ये महाराष्ट्र निवडा. जिल्ह्यांच्या यादीत मुंबईची कोर्टं वेगवेगळी दिसतात: सिटी सिव्हिल कोर्ट, स्मॉल कॉजेस कोर्ट वगैरे. चुकीचं कोर्ट निवडलं तर केस असूनही दिसणार नाही.

२. नंबर माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा. नावाची किमान ३ अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष द्यावं लागतं.

३. 'प्रलंबित' आणि 'निकाली' यांपैकी फक्त एक निवडू नका, 'दोन्ही' निवडा. जुनी केस बहुधा निकाली असते.

४. केस सापडली की सीएनआर क्रमांक लिहून घ्या. हा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक त्या केसची कायमची ओळख असतो. पुढच्या वेळी तेवढाच टाकला तरी पुरतो.

नावं इंग्रजीत नोंदवलेली असतात आणि खरी अडचण तिथेच येते. चव्हाण, सावंत, जाधव ही आडनावं एकेका कारकुनाने वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिली आहेत. म्हणून पूर्ण नावाऐवजी सुरुवातीची चार-पाच अक्षरं टाकून पाहा. भाडेकरूचं नाव लागलं नाही तर मालकाच्या किंवा मालक ट्रस्टच्या नावाने शोधा. तेच मालक अनेक खोल्यांच्या दाव्यांत वादी असतील तर यादी लांबेल, पण आपली केस त्यात सापडू शकते.

पत्त्याबाबतही सावध राहावं. कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांचं नाव रस्त्याला मिळालं, तरी लोकांच्या तोंडी डिलाईल रोडच राहिला. कागदांवर दोन्ही नावं येतात. पत्ता वेगळा दिसला म्हणून केस आपली नाही असं समजू नये आणि नाव जुळलं म्हणून ती आपलीच आहे, असंही समजू नये. खोली नंबर, चाळीचं नाव आणि मालकाचं नाव ताडून पाहावं.

ऑनलाईन काहीच दिसलं नाही तर?

संगणकीकरणाआधीच्या बऱ्याच केसेस संकेतस्थळावर सापडत नाहीत. अशा वेळी घरातल्या कागदांपासून सुरुवात करा. वकिलाची जुनी नोटीस, समन्स, कोर्टात भाडं भरल्याची पावती, वकिलाच्या फीची चिठ्ठी यांवर दाव्याचा नंबर असू शकतो.

लघुवाद न्यायालयाच्या दाव्यांच्या नंबराआधी काही अक्षरं असतात. 'आर.ए.ई.' म्हणजे भाडे कायद्याखालचा जागा खाली करण्याचा दावा, 'आर.ए.डी.' म्हणजे हक्क जाहीर करून मागणारा दावा. पुढे अनेकदा तिरकी रेघ देऊन दोन आकडे आणि मग वर्ष येतं. हे सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या. अक्षरं गाळून नुसता आकडा सांगितला तर त्याच आकड्याची भलतीच फाईल पुढे येऊ शकते.

नंबर मिळालाच नाही, तर पक्षकारांची नावं आणि अंदाजे वर्ष देऊन कोर्टाच्या कार्यालयात शोधासाठी अर्ज करावा लागतो. शोध दाव्यांच्या नोंदवहीतून होतो. म्हणून '१९८० च्या आसपास' यापेक्षा '१९८२ चा संप सुरू झाला त्याच्या आदल्या वर्षी' अशी घरातल्यांची आठवण जास्त उपयोगी पडते. तिच्यामुळे चाळायच्या वह्या कमी होतात.

मालमत्तेच्या दाव्यांसाठी आणखी एक वाट आहे. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे इथे स्थावर मालमत्तेच्या हक्काचा दावा चालू असल्याची नोटीस, म्हणजे 'लिस पेंडन्स', दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याची पद्धत आहे. अशी नोटीस नोंदवली गेली असेल तर नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ च्या शोधातही दाव्याचा माग लागू शकतो.

नक्कल कशी मागायची?

नंबर हातात आला की पुढचं काम नक्कल विभागात. अर्जात या गोष्टी लिहाव्या लागतात:

- कोर्टाचं नाव, दाव्याचा प्रकार, नंबर आणि वर्ष
- वादी-प्रतिवादींची नावं
- निकालाची किंवा आदेशाची तारीख
- नेमका कोणता कागद हवा आणि किती प्रती
- अर्जदाराचा दाव्याशी संबंध

अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि नकलेचं शुल्क पानांनुसार आकारलं जातं. पैसे भरल्याची पावती घ्या. जुनी फाईल रेकॉर्ड रूममधून मागवावी लागते, त्यामुळे एका खेपेत काम होईल असं धरून चालू नये. अर्जाचा नंबर जपून ठेवावा.

मूळ पक्षकार हयात नसेल तर वारसाने मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद सोबत जोडावा.

संकेतस्थळावरून डाउनलोड केलेला आदेश माहितीसाठी चांगला, पण ती प्रमाणित नक्कल नव्हे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये प्रमाणित प्रतीची व्याख्या आहे: कागद खरी प्रत असल्याचा शेरा, तारीख, अधिकाऱ्याची सही, हुद्दा आणि शिक्का. नकलेवर अर्ज केल्याची आणि ती तयार झाल्याची तारीखही असते. अपील करायचं असेल तर या तारखा मोलाच्या ठरतात, कारण नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो.

कोणते कागद मागायचे?

फक्त निकालपत्रावर थांबू नका. निकालपत्रात कारणं असतात, हुकूमनाम्यात कोणाला काय मिळालं ते असतं. तडजोड झाली असेल तर तडजोडीच्या अटी हव्यातच. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय घडलं त्याची नोंद असते. वारसांची नावं दाव्यात कधी लागली, हे त्यात दिसतं.

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५)(ड) मुळे ही नोंद महत्त्वाची आहे. राहत्या खोलीचा भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरू शकतो. त्याबाबत एकमत नसेल तर निर्णय कोर्ट करतं. म्हणजे 'तेव्हा खोलीत कोण राहत होतं' हा जुना प्रश्न आजच्या हक्काशी जोडलेला आहे आणि जुन्या दाव्यातली कैफियत किंवा साक्ष त्यावर प्रकाश टाकू शकते.

अपील झालं होतं का, हेही पाहावं. लघुवाद न्यायालयाच्या भाडेविषयक निकालावरचं अपील त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे जातं. खालचा निकाल हातात घेऊन निर्धास्त राहिलं आणि अपिलात तो फिरलेला निघाला, तर त्या कागदाचा उपयोग नाही.

मूळ भाडेपावत्या कोर्टात जमा केल्या असतील तर?

त्या परत मागता येतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३, नियम ९ नुसार दावा निकाली निघाल्यावर आणि अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झालं असेल तर तेही निकाली निघाल्यावर, ज्याने मूळ कागद हजर केला तो परत मागू शकतो. हुकूमनाम्यामुळे रद्दबातल ठरलेला कागद मात्र परत मिळत नाही. त्या काळी परत न घेतलेल्या पावत्या अजून फाईलमध्ये असू शकतात.

पण यात उशीर नको. कोर्टाचे सगळेच कागद कायम ठेवले जात नाहीत. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याखाली हायकोर्ट नियम करतं आणि किरकोळ कागद निकाल-हुकूमनाम्यांपेक्षा आधी नष्ट होतात. फाईल नष्ट झाल्याचं सांगितलं, तर तसं लेखी मागावं. मूळ कागद का हजर करता येत नाही, हे पुढे दाखवताना तो शेरा उपयोगी पडतो.

माहिती अधिकारात अर्ज केला तर?

न्यायालयीन कागदांसाठी बहुधा उपयोग होत नाही. ४ मार्च २०२० रोजी गुजरात हायकोर्टाशी संबंधित प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की, कोर्टाच्या नियमांत नक्कल मिळवण्याची सोय असेल तर त्याच मार्गाने जायला हवं. दाव्याशी संबंध नसलेल्या व्यक्तीने कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मागावी. 'जागा घेण्याआधी वाद तपासायचा आहे' हे कारण समजण्यासारखं आहे, नुसतं कुतूहल पुरेसं ठरत नाही.

बीडीडी खोलीच्या सरकारी कार्यालयातल्या फाईलसाठी मात्र माहिती अधिकार चालतो. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

वकील परवडत नसेल तर?

नकलेचा अर्ज पक्षकार स्वतः करू शकतो. फाईल तपासायची असेल किंवा परवानगीचा अर्ज लिहायचा असेल तर मदत लागते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार मोफत कायदेशीर मदतीला पात्र असतात. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन १५१०० आहे.

पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याची तारीख जवळ आल्यावर ही धावपळ सुरू केली तर नक्कल वेळेत हाती येईलच असं नाही. बैठका सुरू असतानाच नंबर शोधून अर्ज टाकलेला बरा.