शिवराई नेईल तिकडं

नांगरटीच्या ढेकळातून निघालेलं ते जाड, हिरवट तांबं नुसतं पाण्यात भिजवा. चिंच लावू नका, राख तर नकोच. हिरवटीबरोबर अक्षरंही जातील. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, असा कायदा १८७८ पासून आहे, ते कराच. पण आधी नाणं उन्हात तिरकं धरा. ‘राजा’, खाली तुटका ‘शिव’. मागं ‘छत्र’, त्याखाली फक्त ‘प’. शिवराई!

नावावरून साल मात्र ठरत नाही. शिवाजी महाराजांनंतरही बहुतेक शिवरायांवर त्यांचंच नाव पडत राहिलं, पेशवाईतही. राज्य बदललं तरी रयतेनं हे नाव बाजारातून उतरू दिलं नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

अक्षरांच्या मधून जोड आडव्या रेघा गेल्या आहेत? तशी असती तर ती दुदांडी, उत्तरकाळातली. तुमच्या नाण्यावर रेघा नाहीत. चला, आणखी मागं.

धुरानं डोळे चुरचुरतात. तुम्ही पेशवाईतल्या टांकसाळीत उभे आहात. कारागीर तांब्याचा तुकडा तोडतो, तराजूत टाकतो, जास्तीचं कातरतो. एक ठसा ऐरणीत रुतवलेला, दुसरा मुठीत. मध्ये तुकडा, वर हातोड्याचा घाव. ठसा रुंद, तुकडा लहान. म्हणून तुमच्या नाण्यावरचा ‘ति’ तांब्यावर कधी उतरलाच नव्हता. बोट फिरवा: झिजलेलं अक्षर पुसट होत जातं, हे मात्र काठाशी सरळ तुटलंय. पलीकडं एकजण नवा ठसा कोरतोय, अक्षरं उलटी. त्याच्या ठशावर ‘पती’ दीर्घ, शेजारच्याच्या ‘पति’ ऱ्हस्व. असे ठसे जुळवूनच जाणकार नाण्यांची घराणी लावतात.

आता वजन. तुमची भरते १२ ग्रॅमच्या आसपास, भोवती ठिपक्यांचं नेटकं वर्तुळ, अक्षरं घोटीव. इथल्या हलक्या नाण्यांत ती बसत नाही.

१६७४. रायगडाखाली पाचाड, राज्याभिषेकाची गर्दी. आजवर इथल्या हातांनी हाताळलेली नाणी बहुतेक फारसी अक्षरांची. तुम्ही नवी शिवराई वाण्यापुढं टाकता. तो ती तराजूत घालतो, मग ओठ हलवत वाचतो: श्री, राजा, शिव. शेजारच्याला हाक मारून दाखवतो. गूळ बांधून देतो आणि उरलेल्या पैशांच्या कवड्या तुमच्या ओंजळीत मोजू लागतो.