चौकोन तेवढेच

सोलापुरी चादरीवरचं फूल आधी ग्राफ पेपरवर उतरतं. एकेक चौकोन भरायचा आणि त्यानुसार पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची; भोक असेल तिथला धागा मागावर उचलला जातो. फ्रान्सच्या जकार्डची ही पद्धत 1804 सालची. आपला पिक्सेल म्हणजे असाच एक चौकोन.

2003 साली आलेल्या नोकिया 6600चा कॅमेरा 640 × 480, म्हणजे 3,07,200 पिक्सेलचा फोटो काढायचा. स्क्रीनवर मात्र 36,608च पिक्सेल होते. त्यामुळे फोटो रेखीव दिसायचा.

आजोबांचा मागाजवळचा एकमेव फोटो काकांच्या त्याच फोनवरचा. परवा तो फुल एचडी टीव्हीवर लावला. पडद्याच्या उंचीभर दिसायला त्याला 15,55,200 पिक्सेल लागतात. फोटोत त्याच्या पाचवा हिस्साच आहे. बाकीचे टीव्हीने अंदाजाने भरले.

आजीने विचारलं, “ह्यांचा चेहरा असा धुरकट का रे?”

ग्राफवर न भरलेलं फूल चादरीत उमटत नाही. घरच्यांचे फोटो फॉरवर्ड होऊन लहान झालेल्या कॉपीत नको, मूळ फाइलमध्ये जपा. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.