बारा डॉलरची सीडी आणि दुकानाचे कुलूप

११ ऑगस्ट १९९४. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील नॅशुआ येथे काही तरुणांनी थाटलेल्या ‘नेटमार्केट’ या चिमुकल्या दुकानातून एक सीडी विकली गेली. गायक स्टिंग, संग्रह ‘टेन समनर्स टेल्स’, किंमत १२ डॉलर ४८ सेंट, टपालखर्च वेगळा. ग्राहक दूर फिलाडेल्फियात बसला होता. विक्री क्षुल्लक; तरीही दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिची बातमी छापली. कारण ग्राहकाच्या क्रेडिट कार्डाचा क्रमांक इंटरनेटवरून उघडा गेला नव्हता, कूटलिपीत गेला होता.

दुकानाचा चालक डॅन कोन अवघा २१ वर्षांचा. पिढीजात पेढी नाही, बाजारात नाव नाही. पहिला ग्राहक त्याचा मित्रच होता हे खरे. पण पुढचे अनोळखी असणार होते, आणि अनोळखी माणूस आपला कार्ड क्रमांक अशा दुकानाच्या हाती का देईल? मोठ्या कंपनीच्या मागे तिची पत उभी असते. लहान दुकानाला ती कुलपातूनच मिळवावी लागते.

हे कुलूप म्हणजे फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेली ‘पीजीपी’ ही आज्ञावली. अमेरिकी कायद्याच्या लेखी बळकट कूटलेखन हे युद्धसामग्रीत मोडत असे आणि ती परदेशी पोहोचल्यावरून झिमरमन यांची चौकशी १९९६ पर्यंत चालली. सीडी विकणाऱ्या पोराने दाराला लावलेले कुलूप सरकारदरबारी दारूगोळ्याच्या यादीत होते!

१९९५ मध्ये नेटस्केपने ‘एसएसएल’ हे तंत्र थेट ब्राउझरमध्येच आणले. ग्राहकाला वेगळी आज्ञावली घ्यावी लागेना. मात्र निर्यातबंदीमुळे अमेरिकेत १२८ बिटांची किल्ली, तर परदेशी जाणाऱ्या आवृत्तीत केवळ ४० बिटांची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच महिन्यात फ्रान्समधील संशोधक दामियाँ दोलिगेझ यांनी शंभराहून अधिक संगणक जुंपून ती ४० बिटांची किल्ली सुमारे आठ दिवसांत शोधून दाखवली. भारतात इंटरनेटचे दार उघडले तेव्हा परदेशी ग्राहकांना मिळणारे कुलूप असे तकलादू होते.

किल्ली पुढे बळकट झाली. पण समोरचे संकेतस्थळ खरोखर त्या दुकानदाराचेच आहे, याची ग्वाही कोणी द्यायची? त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. त्यांचे शुल्क ठरावीक मुदतीनंतर पुन्हा भरावे लागे, म्हणून असंख्य लहान व्यावसायिक कुलपावाचूनच राहिले. ‘आपल्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा त्यांचा हिशेब.

तो हिशेब किती फसवा, हे कुलपे विकणाऱ्याच एका कंपनीने दाखवून दिले. नेदरलँड्समधील ‘डिजिनोटार’ आकाराने लहान, पण डच सरकारही तिची प्रमाणपत्रे वापरी. २०११ च्या उन्हाळ्यात घुसखोरांनी तिच्या यंत्रणेतून पाचशेहून अधिक बनावट प्रमाणपत्रे काढली. त्यांतील गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र वापरून इराणमधील हजारो लोकांच्या जीमेलवर पाळत ठेवली गेली. तपासणीत आढळलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या : सार्वजनिक सर्व्हरवरील आज्ञावल्या जुनाट व दुरुस्तीविना, विषाणूरोधक नाही, प्रशासकाचा पासवर्ड कमकुवत. ब्राउझरांनी तिची प्रमाणपत्रे नाकारली आणि सप्टेंबर २०११ मध्ये, प्रकरण उघडकीस आल्यापासून महिन्याच्या आत, तिचे दिवाळे वाजले. कंपनीच्या मालात खोट निघाली नव्हती. तिच्यावरचा भरवसा उडाला होता, आणि तिचा माल तोच होता.

खर्चाची सबब २०१५ च्या डिसेंबरात संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने सर्वांना प्रमाणपत्रे मोफत देण्यास आरंभ केला. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारू लागला. बेकरी असो वा छापखाना, दुकानाच्या दारातच ग्राहक तो शिक्का वाचू लागला.

अर्थात मोफत मिळते ते कुलूप, राखण नव्हे. जुनाट आज्ञावलीतून शिरलेला चोर कुलपाच्या आतच असतो. लेट्स एन्क्रिप्टने आपल्या प्रमाणपत्राची मुदत पहिल्यापासून फक्त ९० दिवस ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणपत्र-संस्था यांच्या मंचाने सर्वांसाठीच ही मुदत टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले : मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस.