उसवण्याची विद्या

शिवणाच्या तासाला मी मुलींना पहिला धडा देते तो शिवण्याचा नव्हे, उसवण्याचा. घरातला एखादा जुना झगा आणायचा. ब्लेड न लावता सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून शिवण मोकळी करायची, कापड धुऊन, इस्त्री करून उजेडासमोर धरायचे. काखेखाली, कोपरांवर जिथे विरले असेल तिथून प्रकाश झिरपतो. तेवढे टाळून मग बेतायचे. मुली कंटाळतात. तेव्हा मी त्यांना एका सरकारची गोष्ट सांगते. त्याने साऱ्या देशालाच हा धडा द्यायला घेतला होता.

१ जून १९४१, रविवार. इंग्लंडात व्हिटसनचा सण होता. त्या दिवशी व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनी जाहीर केले, की आजपासून कपडेही रेशनवर. बातमी आधी फुटती तर दुकाने तासाभरात रिकामी झाली असती. म्हणून कमालीची गुप्तता पाळलेली. कपड्यांची स्वतंत्र कुपनेही लोकांच्या हाती नव्हती. अन्नाच्या रेशनबुकातली मार्गारिनची शिल्लक कुपनेच चालवून घेतली! वर्षाला माणशी ६६ कुपने. लोकरी झग्याला ११, सुती झग्याला ७, बायकांच्या बुटांना ५, लांब मोज्यांच्या जोडीला २. पैसे मोजायचे ते निराळेच. युद्ध संपले तरी हात सैल झाला नाही. सप्टेंबर १९४५ ते एप्रिल १९४६ या आठ महिन्यांना मिळून अवघी २४ कुपने होती.

कारण उघड होते. कापूस आणि लोकर जहाजांनी यायची आणि जहाजांवर पाणबुड्या टपलेल्या. गिरण्यांचा माल गणवेशांकडे वळलेला, कामगार दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेलेले. मग १९४३ साली 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका निघाली. आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करा, एवढाच तिचा मंत्र. प्रस्तावना तेव्हाचे व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांची. एखाद्या मंत्र्याने ठिगळांवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, याचे मला अजून कौतुक वाटते. प्रचाराला एक चित्रातली बाहुलीही होती, मिसेस स्यू-अँड-स्यू. नावात शिवण्यावरचा श्लेष.

ते शिक्षण मात्र खरे होते. विरलेली कॉलर उसवून उलटी लावायची. दोन फाटक्या झग्यांतून एक धड झगा काढायचा. लढाईवर गेलेल्या नवऱ्याच्या सुटातून स्वतःचा कोट-स्कर्ट बेतायचा. (तो परत आला म्हणजे काय घालणार, याचा विचार तेव्हा करायचा!) काळोखबंदीच्या पडद्यांचे काळे कापड कुपनाविना मिळे, तेही अंगावर आले. नव्या कपड्यांतल्या चुण्या, खिसे, बटणे यांवर सरकारने मर्यादा घातली होती. म्हणून युद्धाआधीचा घेरदार झगा हाती लागला तर घबाडच. त्या घेरात पोरीचा एक फ्रॉक सहज निघे.

पण हे शिवायचे केव्हा? डिसेंबर १९४१ मध्ये कायदा होऊन वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने सेवेला घेता येऊ लागले. दिवसभर यंत्रावर उभे राहायचे, दुकानांपुढे रांगा लावायच्या, रात्री भोंगा झाला तर तळघर गाठायचे. उरलेल्या वेळात सुई. देशाने कापड वाचवले असे इतिहासात लिहितात. ते बायकांच्या झोपेतून वाचवले, हे मी त्याखाली लिहून ठेवते.

कारण माझ्या आईची शिवण मी पाहिली आहे. दिवसभर ती पापड लाटायला जाई आणि आम्ही निजलो की जुने पातळ उसवत बसे. तिने त्यातून मला परकर शिवला. बाजूला एक जोड होता. तो झाकायला मी वर्गात दप्तर मांडीवर घेऊन बसे. "दिवसा का नाही शिवत?" म्हणून एकदा मी विचारले. "दिवस माझा असतो होय ग?" एवढेच ती म्हणाली.

त्याच साम्राज्यात आपणही होतो. जून १९४३ मध्ये इथे कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. मुंबईच्या गिरण्या लष्करासाठी कापड विणत होत्या. बंगालात त्या वर्षी अन्नाबरोबर वस्त्राचाही दुष्काळ पडला. तिथल्या बाईला उलटवायला कॉलरच नव्हती, तिला कुणी पुस्तिका काय देणार?

फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिसला क्रिस्तिआं दिओर याने लांब, घेरदार झगे मांडले, तेव्हा कुपने मोजणारे इंग्लंड चक्रावले. त्याच नोव्हेंबरात राजकन्या एलिझाबेथचे लग्न. लोकांनी तिला आपली कुपने पाठवली. ती परत करावी लागली, कारण एकाची कुपने दुसऱ्याने वापरणे गुन्हा होता. अखेर १५ मार्च १९४९ रोजी कपड्यांचे रेशनिंग उठले.

आता त्या काळचे झगे हौशी लोक दाम मोजून घेतात आणि आपल्या अंगाप्रमाणे बसवून घेतात. गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीचा जुना झगा आणला. उसवताना आतल्या दुमडीत चार बोटे जादा कापड निघाले, रंग अगदी नव्यासारखा. कुणी तरी कधी काळी ते राखून ठेवले होते. मुलगी म्हणाली, "बाई, हे कापू नको ना?" आम्ही ते पुन्हा आत दुमडले.