तळटीप : ‘शनवार तेली’ यांचे मूळ
१. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाची वंशावळ जशी नावनिशीवार सापडते, तशी कोकणातील बेने इस्रायलांची, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हणत, सापडत नाही. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही दंतकथाच त्यांचे सारे दफ्तर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने मात्र या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश असून त्यांचा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला, आणि यहुदी अंश विशेषेकरून पितृपक्षाकडून आला, असा निर्वाळा दिला. गलबताविषयी जनुके अर्थातच मौन पाळतात. त्या सात स्त्रियांची हकीकत तेवढी काहीशी अडचणीत येते.