गेमिंग लॅपटॉप : लाखाचा की दोन लाखांचा?

दौंड-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यासाठी सोयीचे रेल्वेस्थानक. उजनीच्या पाण्याने या पट्ट्यात ऊस आणि केळी वाढली आणि बारावीनंतर पुण्याला किंवा सोलापूरला शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या मागण्याही वाढल्या. त्या यादीत अलीकडे गेमिंग लॅपटॉप वरच्या क्रमांकावर असतो. घरातील वडीलधाऱ्यांना 'खेळासाठी एवढे पैसे?' हा प्रश्न पडतो. अभ्यास, चित्रफितींचे संपादन आणि त्रिमितीय आरेखन ही कामे याच यंत्रावर उत्तम होतात, हे मुलाचे उत्तरही खोटे नसते. खरा वाद पुढे सुरू होतो : एक लाखाच्या आसपासचा लॅपटॉप घ्यावा की दोन लाखांच्या पुढचा?

हा फरक केवढा, हे उसाच्या हिशेबात चटकन कळते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३ हजार ५५० रुपये हा रास्त व किफायतशीर दर ठरविला. या दराने एक लाख रुपये म्हणजे सुमारे २८ टन ऊस. तोडणी आणि वाहतूक वजा केली, तर त्याहून अधिक. एवढा ऊस ज्या फरकासाठी मोजावयाचा, तो फरक जेऊरमधील घरात प्रत्यक्ष किती उरतो, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

गेमिंग लॅपटॉपची किंमत मुख्यतः ग्राफिक्स चिपवर ठरते. भारतीय बाजारात बहुतेक यंत्रांत एनव्हीडिया कंपनीच्या आरटीएक्स मालिकेतील चिप असते. मध्यम किमतीत ४०५०, ४०६०, ५०५० किंवा ५०६० हे क्रमांक आढळतात. महागड्या यंत्रांत ५०७० टीआय, ५०८० आणि ५०९०. क्रमांक मोठा तितकी चिप वेगवान, एवढेच बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते आणि दुकानदारालाही तेवढेच सांगणे सोयीचे जाते. परंतु लॅपटॉपमधील ५०९० ही टेबलावरील संगणकातील ५०९० नव्हे. टेबलावरील चिपमध्ये २१ हजार ७६० गणनकेंद्रे आणि ३२ जीबी स्वतंत्र मेमरी असते, तर लॅपटॉपमधील त्याच क्रमांकाच्या चिपमध्ये १० हजार ४९६ केंद्रे आणि २४ जीबी मेमरी. पहिली ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. दुसरीला त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी विजेवर भागवावे लागते. नाव एकच असले, तरी वस्तू दोन आहेत.

वॅटचा हा आकडा मध्यम किमतीच्या यंत्रांतही निर्णायक ठरतो. आरटीएक्स ४०६० ही एकच चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेत बसविण्याची मुभा लॅपटॉप बनविणाऱ्यास असते. पातळ, देखण्या यंत्रात ती अर्ध्या ताकदीने चालते आणि जाडजूड यंत्रात पूर्ण ताकदीने. खोक्यावरचे नाव मात्र तेच. ग्राफिक्स चिपला किती वॅट मिळतात, हा प्रश्न दुकानात विचारावा. उत्तर मिळाले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावरील तपशील पाहावा. तेथेही आकडा नसेल, तर त्या यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

दुसरा मुद्दा ग्राफिक्स मेमरीचा. ४०६० आणि ४०७० या दोन्ही चिपना लॅपटॉपमध्ये ८ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये आलेल्या ५०६० आणि ५०७० यांनाही ८ जीबीच मिळाली. १२ जीबीची पायरी ५०७० टीआयपासून सुरू होते. नव्या, जड खेळांत चित्रांचा तपशील पूर्ण वाढविला की ८ जीबी अपुरी पडू लागते आणि चिप वेगवान असूनही खेळ अडखळतो. त्यामुळे ५०६० वरून ५०७० वर जाण्यासाठी तीस-चाळीस हजार रुपये अधिक मोजणारा ग्राहक थोडा वेग विकत घेतो, पण अडचण तीच राहते. खर्च करावयाचाच असेल, तर उडी १२ जीबीपर्यंत मारावी. नपेक्षा खालच्या पायरीवर थांबावे. मधली पायरी सर्वांत कमी फायद्याची आहे.

येथवरचा हिशेब पुण्यात आणि जेऊरमध्ये सारखाच. पुढचा तसा नाही.

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी साधारणपणे ३५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य म्हणून दिलेले असते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात दुपारी खोलीतील हवाच त्याहून तापलेली असते. चिपमधील उष्णता किती वेगाने बाहेर पडेल, हे चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. ग्राफिक्स चिप सुमारे ८७ अंशांना पोहोचली की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करते. खोली २५ अंशांवर असेल, तर हे अंतर ६२ अंशांचे. खोली ४० अंशांवर गेली, तर ४७ अंशांचे. म्हणजे तेच पंखे, तेच यंत्र, पण उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता जवळजवळ एक चतुर्थांशाने घटलेली. ज्या यंत्राची रचना आधीच काठोकाठ आहे, त्याचा वेग येथेच गळतो. लॅपटॉपची परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. त्यांतील आकडे मे महिन्यातील दुपारी मिळतील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

याचा फटका सर्व महागड्या यंत्रांना सारखा बसत नाही. महागड्यांत दोन जाती आहेत. एक जाड, वजनदार, मोठ्या पंख्यांची. तिच्यात उष्णता पसरविण्यासाठी बाष्पकक्षासारखी चांगली व्यवस्था असते आणि उन्हाळ्यात ती मध्यम किमतीच्या यंत्राहून निश्चित सरस टिकते. दुसरी पातळ, धातूच्या अंगाची, पिशवीत मिरविण्याजोगी. वातानुकूलन नसलेल्या घरात तिच्यावर दोन लाख रुपये घालणे म्हणजे वेगाचे पैसे देऊन देखणेपणा विकत घेणे होय. एक लाखाचे जाडजूड यंत्र अशा घरात तिच्या फार मागे राहत नाही.

धूळ हा उष्णतेचा सख्खा भाऊ. ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावरचा फुफाटा आणि पाचट जाळल्यानंतरची काजळी घरात येते आणि पंख्यांच्या जाळीत बसते. वर्षातून किमान एकदा, दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी, आतील पंखे स्वच्छ करून घ्यावेत. तळाचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे. मेमरीसाठी मोकळी खाच आहे की ती पटलावर कायमची जोडलेली आहे, हेही त्याच वेळी विचारावे. मध्यम किमतीच्या अनेक यंत्रांत १६ जीबीची मेमरी पुढे ३२ करता येते. पातळ, महागड्या यंत्रांत ही सोय बऱ्याचदा नसते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने वाढले. त्यामुळे आता आवश्यक तेवढी घेऊन पुढे भर घालण्याची मुभा असणे हा मोठाच लाभ आहे.

विजेबाबत असलेली एक समजूत दूर करावयास हवी. कमी दाबाने लॅपटॉप बिघडतो, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः बहुतेक अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतात. दिवा मिणमिणत असतानाही लॅपटॉप चार्ज होत राहतो. धोका असतो तो अचानक वाढलेल्या दाबाचा, विशेषतः न्यूट्रल तुटल्यावर. त्यासाठी चांगल्या प्रतीचे संरक्षक उपकरण आणि मुख्य म्हणजे घराचे पक्के अर्थिंग हवे. अर्थिंग नसलेल्या घरात धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावला, की बोटांना मुंग्या येतात. यंत्र सदोष आहे म्हणून ते परत करण्याआधी भिंतीतील सॉकेट तपासून घ्यावे.

वीज गेल्यावर बॅटरीवर खेळू, हा बेतही फसवा आहे. १०० वॅट-तासांहून मोठी बॅटरी विमानात नेण्यासाठी विमान कंपनीची परवानगी लागते. त्यामुळे कितीही महागड्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा या मर्यादेच्या आतच असते. खेळताना यंत्र १०० वॅट जरी खात असले, तरी ती तासाभरात संपते. शिवाय बॅटरीवर चालताना चिपचा वेग मुद्दाम कमी केला जातो. म्हणजे भारनियमनाच्या वेळी लाखाचे आणि तीन लाखांचे यंत्र जवळपास एकाच पंक्तीला बसते. घरात इन्व्हर्टर असेल तर हिशेब असा : १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १ हजार ८०० वॅट-तास असतात आणि प्रत्यक्ष हाती बरेच कमी येतात. मध्यम यंत्राचा अ‍ॅडॅप्टर साधारण २३० वॅटचा, तर महागड्याचा ३३० वॅट किंवा त्याहूनही अधिक. पंखे आणि दिवे सांभाळून पहिला निभावतो. दुसरा घरच्यांच्या डोळ्यांवर येतो. इन्व्हर्टर साइनवेव्ह प्रकारचाच असावा.

पडद्याच्या बाबतीत मात्र अधिक पैसे देण्यात अर्थ आहे. स्वस्त पडद्यांत रंग फिके दिसतात. एसआरजीबी श्रेणीतील जवळजवळ १०० टक्के रंग दाखविणारा आणि निदान ३०० निट्स उजेडाचा पडदा मध्यम किमतीतही शोधल्यास मिळतो. पडद्यावरील बिंदूंची संख्या वाढविण्याचा मोह तेवढा आवरावा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, तर २५६० गुणिले १६०० च्या पडद्यावर सुमारे ४१ लाख. चिपचे काम जवळपास दुप्पट होते आणि महागड्या यंत्रातील अधिकची ताकद बरीचशी तेथेच खर्ची पडते.

साठवणुकीसाठी १ टीबीची एसएसडी घ्यावी. आजचे मोठे खेळ शंभर जीबी सहज व्यापतात. सेकंदाला २० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तेवढा खेळ उतरवून घेण्यास ११ तास लागतात. जागा नाही म्हणून तो काढून पुन्हा उतरविणे गावाकडे परवडत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न बहुतेक जण बिघाड झाल्यावर विचारात घेतात. जेऊरहून पुण्याला किंवा सोलापूरला लॅपटॉप घेऊन जाणे आणि परत येणे यात दिवस मोडतो. सुटा भाग आला नसेल, तर दोन. म्हणून घरी येऊन दुरुस्ती करणारी हमी घ्यावी आणि ती आपल्या पिनकोडवर लागू आहे का, हे कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारून मगच पैसे भरावेत. यंत्र जितके महाग, तितके हमीनंतरचे सुटे भागही महाग. दोन लाखांच्या लॅपटॉपचे मदरबोर्ड हमी संपल्यावर गेले, तर त्या खर्चात दुसरे साधे यंत्र येण्याची वेळ येऊ शकते.

महागडे यंत्र मग कोणी घ्यावे? ज्याची कमाई त्यावर आहे, त्याने. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करून संपादन करणारा व्यावसायिक, त्रिमितीय सचेतपट किंवा खेळ बनविण्याच्या क्षेत्रात शिरलेला तरुण यांना मोठी ग्राफिक्स मेमरी रोज उपयोगी पडते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगभर प्रसिद्ध केला; सुपरगेमिंग ही पुण्याचीच कंपनी. तेव्हा हे क्षेत्र मराठी मुलांना आता परके राहिलेले नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकास लॅपटॉपवरील १८ टक्के कराची वजावट मिळू शकते आणि प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा धरता येतो. त्याच्यासाठी दोन लाखांची खरी किंमत बरीच खाली येते. विद्यार्थ्याला यातले काही मिळत नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूने काळही आहे. २०२१ मधील महागड्या आरटीएक्स ३०७० ची कामगिरी २०२३ मध्ये मध्यम किमतीच्या ४०६० ने गाठली. एक लाखाचे यंत्र आज घेऊन उरलेल्या पैशांतून इन्व्हर्टर, अर्थिंग आणि तीन वर्षांची हमी करणे आणि पदवी हाती पडेपर्यंत नवी पिढी बाजारात येऊ देणे, हा मार्ग बहुतेक घरांना सोयीचा ठरेल.

खरेदी शक्यतो उन्हाळ्यात करावी. ऑनलाइन मागविलेल्या यंत्रासाठी परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत फार थोड्या दिवसांची असते. खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवावे आणि पहिल्याच दुपारी, खोलीतील पंखा नेहमीप्रमाणे चालू ठेवून, सलग तासभर जड खेळ लावावा. चिपचे तापमान आणि वॅट दाखविणारी विनामूल्य साधने उपलब्ध आहेत. तासाच्या शेवटी वॅटचा आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर आला असेल, तर मुदत संपण्यापूर्वी तक्रार नोंदवावी.